हन्नाला दिसलेलं कडं

रविवार, ७ सप्टेंबर

आज पाळकसाहेबांनी उपासनेत जाहीर केलं. दर रविवारी उपदेशाआधी दहा मिनिटं माझी. नाव मीच सुचवलं, ‘वस्तूतून वचन’. घरातली साधी वस्तू न्यायची आणि तिच्यातून विश्वासाची शिकवण काढून दाखवायची. कॉलेज नाही, पाळकांची सेमिनरी नाही. पण शुगर फॅक्टरीच्या स्टोअरमध्ये जन्म काढला. वस्तू माझ्याशी बोलतात तशा कुणाशी बोलत नाहीत, हे नम्रपणे नोंदवतो.

पहिली वस्तू वॉशर. एवढासा वॉशर नसला तर नळ गळतो, तसा एवढासा विश्वासणारा नसला तर मंडळी गळते. सगळे गप्प. परिणाम झाला. मग श्रीमंतने (चर्चच्या मागे राहतो, म्हशी पाळतो, बोलण्याला पाचपोच नाही) मधूनच विचारलं, शांतवनदादा, मग तो वॉशर आपल्या चर्चच्या नळाला बसवून टाका की, उन्हाळ्यापासून गळतोय. हशा. वॉशर खिशात होता, पण बसवला नाही. तो शिकवणीचा होता.

संकल्प: नाताळपर्यंत या शिकवणींची पुस्तिका छापायची.

गुरुवार, ११ सप्टेंबर

लग्नापासून संध्याकाळचा बायबलचा पाठ हन्नाच वाचते. आज म्हणाली, आजपासून तुमी वाचा. रविवारनंतर माझ्या आवाजाला वजन आलंय, हे तिलाही जाणवलं तर. सावकाश, थांबून थांबून वाचलं. शेवटी म्हणाली, एवढं थांबत का हुता, ओळ चुकली व्हय?

मंगळवार, १६ सप्टेंबर, सकाळी

हन्नाने चहा कपात न ओतता कपाच्या शेजारी ओतला. सगळा माझ्या पॅन्टवर. ओरडणार होतो, पण ओरडण्याआधी शिकवण सुचली. भरून वाहणारा प्याला. कृपा अशीच, कपात मावत नाही, मांडीवर येते. लगेच मोबाईलमध्ये टिपून घेतलं. रविवारची सोय झाली.

हन्ना पातेलं धरून तशीच उभी. म्हणाली, कप हितंच हुता ना हो? म्हटलं, तिथंच होता. मग तिने वाकून कपाला बोट लावून पाहिलं.

रविवार, २१ सप्टेंबर

प्याला फार चांगला झाला. दोन जणांनी ऑडिओ मागितला. एकाने अजून उघडलाही नाही असं व्हॉट्सॲपवर दिसलं. मोबाईलला जागा नसेल.

शुक्रवार, २६ सप्टेंबर

हन्नाचा डावा खांदा परत दाराच्या चौकटीला लागला. हिरवानिळा झालाय. म्हटलं, बघ, अरुंद दाराची आठवण प्रभू आपल्याला घरातच करून देतो. तर म्हणाली, दार अरुंद न्हाई, या अंगाचं मला दिसत न्हाई. कर्जतला डोळ्याच्या डॉक्टरला दाखवू या का.

चष्म्याचा नंबर वाढला असणार. वय झालं. तरी पुढच्या आठवड्यात नेतो असा शब्द दिला. इथेही लिहून ठेवतो. पुढचा आठवडा.

गुरुवार, २ ऑक्टोबर

पुढचा आठवडा चालू आहे, पण चाळणीची शिकवण जमत नाहीये. गहू राहतो आणि खडा पडतो, की खडा राहतो आणि पीठ पडतं, यात दोन दिवस गेले. हन्नाला विचारलं तर म्हणाली, चाळणीत काय राहिलंय तेच मला दिसंना, मला काय विचारता. आज तांदळातला खडा माझ्या दाताखाली आला. तिच्या हातून असं कधी होत नाही. दात दुखतोय.

कर्जत आता सोमवारी. नक्की.

रविवार, ५ ऑक्टोबर, संध्याकाळी

लिहिलंच पाहिजे.

लाईट गेली. मेणबत्ती लावली. हन्ना तिच्याकडे बघत बसली आणि हळूच म्हणाली, अहो, ज्योतीभवती कडं दिसतंय. इंद्रधनुष्यागत. म्हटलं, रंग सांग. बाहेरून तांबडं, आतून निळं. मी पाहिलं, नुसती ज्योत. चष्मा पुसला, परत पाहिलं. नुसती ज्योत. म्हणजे ते फक्त तिच्यासाठी होतं.

मी तिथेच गुडघे टेकले. हन्ना म्हणाली, टेकताय ते बरंच, पण उठताना बाम आणा, डाव्या भुवईवर घण मारल्यागत होतंय.

बाम लावला. डोकं दाबून दिलं. किती साधी बाई माझी, आणि तिच्यावर केवढं हे!

मंगळवार, ७ ऑक्टोबर

सोमवारी कर्जतला गेलो नाही, पाळकसाहेबांकडे गेलो. हे आधी सांगणं महत्त्वाचं. डेव्हिड पाळक तरुण आहेत, सज्जन आहेत. सगळं ऐकून म्हणाले, दादा, मावशींच्या डोळ्यांचं काही नाही ना? एकदा दाखवून घ्या. मी हसून सोडून दिलं. सेमिनरीत शिकवतात सगळं, पण दर्शन कसं ओळखायचं हे शिकवत नाहीत.

रविवार, १२ ऑक्टोबर

आजची वस्तू मेणबत्ती. आणि आज पहिल्यांदा कुणी झोपलं नाही. माझ्या पत्नीला प्रभूने ज्योतीभोवती कडं दाखवलं, असं म्हणालो तेव्हा चर्चमध्ये टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. महिला मंडळाच्या अध्यक्षा सत्यशीलाबाई पदराने डोळे पुसत होत्या.

हन्ना मान खाली घालून बसली होती. नम्रता. घरी येताना मात्र म्हणाली, घरातल्या वस्तू संपल्या, म्हनून आता माझं डोळं घेतलं व्हय?

बुधवार, १५ ऑक्टोबर

सत्यशीलाबाई चार बायका घेऊन घरी आल्या. कुणाच्या सुनेला दिवस राहत नाहीत, कुणाचा मुलगा दुबईला जायचा अडलाय. हन्नाताईंनी प्रार्थना करावी म्हणून. हन्ना म्हणाली, बायांनो, मला काही दर्शनबिर्शन न्हाई, डोकं ठणकायला लागलं की दिवा फुटल्यागत दिसतो, एवढंच. सत्यशीलाबाई म्हणाल्या, खरे संत असंच म्हणतात.

मीच तोडगा काढला. दर शुक्रवारी संध्याकाळी आमच्या घरी दीपप्रार्थना. ट्यूब बंद, खिडक्या बंद, एकच मेणबत्ती. कडं त्या दिवशी अंधारातच दिसलं होतं, म्हणजे अंधार लागतो. स्टोअरमधली शिस्त कामाला येते ती अशी.

आधी डोकं दुखतं तेव्हाच दिसतं, असं हन्ना म्हणते. समजावलं की वैभव आणि वेदना जोडीनेच येतात. म्हणाली, मग वेदना थोडी तुमी घ्या की.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर

पहिली दीपप्रार्थना. खोली भरली, ओट्यावरही बायका. गाणं झालं, प्रार्थना झाली, कडं काही येईना. बऱ्याच वेळाने हन्ना बारीक आवाजात म्हणाली, आलं. आमेन, आमेन झालं.

नंतर जेवली नाही. भिंतीकडे तोंड करून पडली. डावा डोळा लाल झालेला. हलक्या मेणबत्तीचा धूर. पुढच्या वेळी चांगल्या कंपनीची आणायची.

मंगळवार, २१ ऑक्टोबर

शेजारी बजरंगच्या दारात दिवाळीच्या पणत्या. फराळाचं ताट घेऊन राहीबाई, बजरंगची बायको, आली. हन्ना पणत्यांकडे बघत म्हणाली, राहीबाई, तुमच्या प्रत्येक पणतीला कडं हाय. मी राहीबाईला दर्शनाची साक्ष सांगायला तोंड उघडणार, तर तिच्या हातातलं ताट कलंडलं. म्हणाली, माझ्या सासूला असंच दिसायचं हो ताई. दिव्याला फुलं आली म्हनायची. आमी हसायचो. पुढं माझा हात धरून परसाकडं जायची.

चकल्या छान होत्या.

राहीबाई चांगली बाई. पण तिची सासू वेगळी आणि हन्ना वेगळी, हे तिला कसं समजावणार? येत्या शुक्रवारी कर्जतला शाळेत डोळ्यांचं शिबिर आहे, बजरंग पिकअप घेऊन चाललाय, ताईंना पाठवा, असं दोनदा सांगून गेली.

शुक्रवार, २४ ऑक्टोबर

सकाळी पिकअप दारात. हन्ना कधीच उठून धुतलेलं पातळ नेसून पिशवी घेऊन ओट्यावर बसलेली. मला सांगितलं नव्हतं. शिबिरात गर्दी, उन्हात रांग, आणि संध्याकाळी दीपप्रार्थना. मिरजगावहून बायका यायच्या, दमून कसं चालेल? बजरंगला म्हटलं, तू पुढे हो, आम्ही आमचे निवांत जाऊ. बजरंग म्हणाला, दादा, जागा हाय की गाडीत, ताईला बसवतो पुढं. म्हटलं, नको.

गाडी गेली. हन्ना बराच वेळ पिशवी मांडीवर घेऊन बसली. मी तिला चहा करून दिला. आता मीच करतो. तिला आराम.

संध्याकाळी कडं लवकर आलं.

शुक्रवार, ३१ ऑक्टोबर

आज सत्यशीलाबाईंनाही कडं दिसलं. त्यांचं जरा मोठं होतं, म्हणे, आणि त्यात पंखही होते. हन्ना अंधारात म्हणाली, मग हितं तुमी बसा, मी पडते. सत्यशीलाबाई म्हणाल्या, नाही नाही, जागा तुमचीच.

सोमवार, ३ नोव्हेंबर

धुकं पडलंय. कोपऱ्यावरची बाभळ दिसत नव्हती. तिथे लगेच शिकवण घेतली: धुक्यातही झाड असतंच.

घरात आलो तर हन्ना हाताने एक डोळा झाकून माझ्याकडे बघत होती. मग दुसरा झाकून. काय चाललंय विचारलं. म्हणाली, दोन्ही डोळ्यांत तुमी सारखेच दिसता का बघते. मी थट्टेने म्हटलं, कोणत्या डोळ्यात देखणा दिसतो? उजव्यात म्हातारे दिसता, म्हणाली. आणि डाव्यात? डाव्यात तुमी धुक्यात हाय.

खिडकी बंद केली. धुकं आत येत होतं.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

शॅरनचा पुण्याहून फोन. कुणीतरी तिला माझा मेणबत्तीचा ऑडिओ पाठवला. मला वाटलं मुलगी अभिमानाने बोलेल. ओरडली. बाबा, हे दर्शन नाही, हा आजार आहे, मी इथे ऑफिसातल्या डॉक्टरला विचारलं, आईला लगेच दाखवा. सोमवारी दहा तारखेला नगरच्या डोळ्यांच्या दवाखान्यात नंबर लावलाय, मी सुट्टी काढून येऊ का? म्हटलं, येऊ नकोस, मी आहे ना. मी आहे ना, हे ऐकून तिने फोन ठेवला.

जाऊन येतो. पोरीच्या समाधानासाठी.

शनिवार, ८ नोव्हेंबर

प्रभू काय काय योजना करतो! नगरहून पत्र आलं. बावीस तारखेला जिल्ह्यातल्या ख्रिस्ती मंडळ्यांचा मेळावा आणि त्यात माझ्या ‘वस्तूतून वचन’ला वेळ. विषय: दिवा. शक्य असल्यास सौ. हन्नाबाई यांची साक्ष.

आता डोकं चालवलं. दहाला नगर आणि बावीसला परत नगर, या तब्येतीत तिला दोन वेळा एसटीत आपटत कशाला न्यायचं? दवाखान्यात मीच फोन लावला आणि नंबर बावीसला घेतला. अकराचा. माझी वस्तू दहाला आहे. साडेदहाला मोकळा. एका खेपेत दोन कामं. शॅरनला कळवलं नाही. तिला उगाच ताप.

हन्नाला सांगितलं तर म्हणाली, बावीसपर्यंत राहील का हो? काय राहील, ते तिने सांगितलं नाही.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

दीपप्रार्थनेला श्रीमंत आला होता. पहिल्यांदाच. दारात उभा राहिला, आत आला नाही. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाला, दादा, माझी म्हैस अशी एका डोळ्यानं मान तिरकी करून बघायला लागली तर मी जनावरांचा डॉक्टर आणतो. मंडळीतल्या भगिनीची तुलना म्हशीशी! मनात मात्र ते फिरत राहिलं. जेवताना पाहिलं, हन्ना मान तिरकी करून ताटातली भाकरी शोधत होती.

आठच दिवस राहिलेत. होईल सगळं.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

उद्याची तयारी. मेळाव्यात चूक नको म्हणून आज दीपप्रार्थना जरा जास्त वेळ घेतली. हन्नाला कडं आलंच, पण मग तिने तोंडाला पदर लावला आणि मोरीकडे धावली. ओकली. भिंतीला धरून परत आली, डावा डोळा उघडेना. म्हणाली, डोळ्यात कुनीतरी तापलेली सळई फिरवतंय. डॉक्टर आत्ता मिळल का? बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. सत्यशीलाबाई म्हणाल्या, सैतान अंगावर येतोय, मेळावा मोडायला बघतोय. मलाही तसंच वाटलं.

ओवा दिला. पित्त असेल. आवाज ऐकून आलेली राहीबाई म्हणते, बजरंगला उठवते, आत्ता निघू. पण उद्या आम्ही नगरला जातोच आहोत, दवाखान्यातच जातोय. एवढ्या तासांनी काय होतंय?

शनिवार, २२ नोव्हेंबर, पहाटे

हन्ना रात्रभर बसून. मी पाठीवरून हात फिरवत होतो. तिची वेणीही मीच घातली, जमली नाही. मेणबत्ती, काडेपेटी, भाषणाचा कागद, दवाखान्याचा नंबर, सगळं पिशवीत. पहिली एसटी. प्रभू बरोबर आहे.

सोमवार, २४ नोव्हेंबर

दवाखान्याच्या बाकावर. लिहायचं नव्हतं. बसून बसून लिहितो.

कार्यक्रम उशिरा सुरू झाला. यात माझा दोष नाही. पाहुण्यांचे सत्कार, शाली, नारळ. दहा वाजले, साडेदहा वाजले, अकरा वाजले. हन्ना पहिल्या रांगेत डोकं धरून. दोनदा म्हणाली, अहो, चला. म्हटलं, आता आपलंच नाव आहे. दवाखान्यातून फोन आला तो मी कट केला, मंडपात आवाज नको म्हणून. मग जेवणाची सुट्टी झाली. ती काही खाईना. माझं नाव जेवणानंतर आलं.

दिवे बंद करायला लावले. पडदे ओढले. मेणबत्ती पंख्याने तीनदा विझली. चौथ्यांदा पेटली. मी बोललो. किती चांगलं बोललो ते आता आठवत नाही. मग म्हटलं, साक्षीसाठी माझी पत्नी. आणि माईक तिच्याकडे पाठवला.

हन्ना उठली. उभी राहायला खुर्चीची पाठ धरली. मी स्टेजवरून विचारलं, हन्ना, मंडळीला सांग, तुला ज्योतीभोवती काय दिसतं?

ती म्हणाली, काहीच दिसत न्हाई.

मला वाटलं, घाबरली. म्हटलं, नीट बघ, ज्योत कुठे आहे? तिने मान इकडे वळवली, तिकडे वळवली. माईकमध्ये तिचा श्वास ऐकू येत होता. मग म्हणाली, उजवीकडून जरा उजेड हाय. डावीकडून काहीच न्हाई. तुमी कुठं हाय?

मागून दोघं-तिघं आमेन म्हणाले.

मग कुणीतरी दिवे लावले. तिचा डावा डोळा मला उजेडात दिसला. बुबुळ दुधासारखं. मेळाव्याला आलेल्या आमच्या पाळकसाहेबांनी उडी मारून तिला धरलं. मी मेणबत्ती हातात घेऊन उभा होतो. मेण बोटांवर पडलं.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

डॉक्टरबाई तरुण आहेत, शॅरनपेक्षा लहान. काचबिंदू. डाव्याची नजर गेली, परत येणार नाही. उजव्यालाही तेच होणार होतं, त्याला लेझरने भोक पाडलं, तो बहुतेक राहील. किती दिवसांपासून दिव्याभोवती रंग दिसत होते, असं त्यांनी विचारलं. हन्ना माझ्याकडे बघत होती, पण मी तिच्या डावीकडे बसलो होतो, त्यामुळे बघत नव्हती.

मी म्हणालो, झाले असतील थोडे दिवस.

मग त्यांनी विचारलं, अंधारात बसायच्या का? डोळ्याच्या आत सारखं पाणी तयार होतं, म्हणाल्या, आणि ते निघून जायला बारीक वाट असते. काहींची वाट मुळात अरुंद. अंधारात डोळ्याची बाहुली पसरते आणि वाट बंद होते. पाणी आत साठून दाब वाढतो.

लगेच कळलं. फॅक्टरीत ड्रेन चोक झाला की प्रेशर चढतं, हे मी स्टोअरमध्ये बसून सांगायचो.

शॅरन आली आहे. माझ्याशी बोलत नाही. डॉक्टरांशी बोलते, आईशी बोलते, वॉर्डातल्या मावशींशी बोलते. दुपारी मला डबा दिला, तोही खुर्चीवर ठेवून.

माझेही डोळे तपासले, या वयात तपासून घ्यावेत म्हणाल्या. काही नाही. एकदम साफ, या वयाला नवल आहे, म्हणाल्या. शॅरन खिडकीबाहेर बघत होती.

गुरुवार, ४ डिसेंबर

घरी. हन्नाला औषधाचे थेंब दिवसातून ठरलेल्या वेळी. सकाळचा पहिला थेंब तिच्या गालावर पडला, दुसरा कानात. तिसऱ्याला ती म्हणाली, डोळा मधी असतो, अहो.

थेंबाच्या बाटलीवर शिकवण सुचली. लिहिली नाही.

पुस्तिकेसाठी प्रेसवाल्याचा फोन आला. नंतर करतो म्हटलं. तो म्हणाला, नाताळला पाहिजे होती ना? फोन ठेवला.

रविवार, ७ डिसेंबर

पाळकसाहेबांनी माझी दहा मिनिटं हन्नाला दिली. तिनेच मागितली होती, मला नंतर कळलं. शॅरनने हात धरून पुढे नेलं. वस्तू नव्हती हातात.

म्हणाली, बायांनो, दिव्याभवती रंगाचं कडं दिसलं, डोकं एका बाजूनं ठणकलं, डोळा लाल झाला, तर प्रार्थना गाडीत बसून करा. गाडी डॉक्टरकडं जाऊ द्या. आणि ज्यांना आजवर कडं दिसलं त्यांनी उद्या माझ्याबरोबर नगरला यायचं, बजरंगची पिकअप सांगितलीय. एवढंच बोलून बसली. दोन मिनिटंही लागली नाहीत.

सगळ्यांनी सत्यशीलाबाईंकडे पाहिलं. त्या आधी तांबड्या झाल्या, मग हन्नाच्या कानाशी लागल्या. मागच्या बाकावर होतो तरी ऐकू आलं. मला तसं काही दिसलं नव्हतं हो ताई. हन्ना म्हणाली, तरीबी चला. पंख तरी तपासून घेऊ.

चर्च हसलं. हन्नाही हसली. माझ्या वस्तूंवर कुणी असं हसलं नव्हतं. श्रीमंत हसताना माझ्याकडे बघत नव्हता, हे त्याने बरं केलं.

सोमवार, ८ डिसेंबर

पिकअप गेली. सात बायका. मला जागा नव्हती.

संध्याकाळी आल्या. मिरजगावच्या एकीचा डोळा वेळेत सापडला. लेझर उद्या. तिच्या नवऱ्याने हन्नाला फोन केला आणि रडला. मी स्वयंपाकघरात कांदा चिरत होतो.

रविवार, १४ डिसेंबर

शॅरन काल पुण्याला गेली. जाताना मला म्हणाली, आईच्या डाव्या बाजूने चाला. या महिन्यात एवढंच बोलली.

आज उपासनेला आम्ही दोघंच गेलो. मी डावीकडे. दहा मिनिटं आता पाळकसाहेबांनी मुलांच्या गाण्याला दिली आहेत. गाणी बरी झाली.

परत येताना हन्ना मधेच थांबली. अहो, तुमी हाय ना? म्हटलं, हाय. चार पावलं गेलो, परत थांबली. हाय ना? मी तिच्या शेजारीच होतो, खांद्याला खांदा लागत होता. म्हणाली, गप नका राहू. बोलत राहा, म्हंजे कळतं कुठं हाय ते.

बोलायला तोंड उघडलं. काय बोलावं ते सुचेना. रस्त्याकडे पाहिलं, कुंपणाकडे पाहिलं. ती वाट बघत होती.

म्हटलं, इथे दगड आहे.

ती दगडाला वळसा घालून गेली. मग?

मग म्हटलं, श्रीमंतची म्हैस आहे. दावं रस्त्यावर आलंय. आता गटार आहे. पाय लांब टाक. इथे कुणाचं तरी धुणं वाळतंय, मान वाकव. आता उतार.

असं बाभळीपर्यंत झालं. तिथे मला सवयीने दम घ्यायला थांबून काहीतरी शिकवण सांगावीशी वाटली. हन्नाने माझं मनगट दाबलं. एवढंच सांगा, म्हणाली.

म्हटलं, पायरी आहे.